कृष्णाबाईंची पाठ

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या मच्छीमार मंडळाचे हरेश्वर नाखवा. खास मुलुंडहून आलेले प्रमुख पाहुणे, जिल्हा बास्केटबॉल संघटनेचे माननीय नंदकिशोर सामंत साहेब. व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले इतर मान्यवर. आज दुपारचा बाजार लवकर आटोपून आलेल्या माहुल गावच्या माता-भगिनी. मागे खिडकीत चढून बसलेली आणि आत्ताच्या आत्ता खाली उतरणार असलेली मुलं. आणि आजची सत्कारमूर्ती, कुमारी राधा धर्मा वैती.

उतरलात का रे? नाही उतरलात. बरं, बसा. पडलात तर माझ्याकडे यायचं नाही.

मी भाऊराव ओव्हाळ. नव्या मंडळींसाठी सांगतो, मी इथल्या शाळेत व्यायाम शिकवतो, राहतो गोवंडीला, मूळचा फलटणकडचा. आमच्याकडे पाणी विहिरीत असतं. एवढी वर्षं खाडीच्या काठावर नोकरी केली, पण मला अजून पोहता येत नाही. आणि या कोळीवाड्यात मला आजतागायत कोणी 'अहो' म्हटलेलं नाही. शाळेत मी ओव्हाळ सर, धक्क्यावर मी 'ए मास्तर'. त्याचा मला राग नाही, उलट अभिमान आहे.

अध्यक्षांनी मला बजावलंय, "मास्तर, आनंदाचा दिवस आहे, आनंदाचं बोल." आनंदाचा आहेच. आपल्या गावची मुलगी भारताच्या संघात गेली. आज संध्याकाळच्या गाडीने बंगलोरला शिबिराला जायचं, तिथून परदेशात. ज्या कंपनीच्या संघात ती आहे, ती कंपनी तिला पगार देते तो फक्त खेळायचा. हे पटवून देताना माझ्या तोंडाला फेस आला होता. राधाच्या शेजारच्या, बाजारात मासळी विकणाऱ्या शकुबाई मला विचारत, "खेलते ते ठीक हाय, पन काम काय करते?" मी म्हणायचो, खेळणं हेच काम. त्या म्हणायच्या, "मग काम झाल्यावर काय करते?" अंधेरी-बोरिवलीच्या शाळांतल्या मुली तिच्या सह्या घ्यायला रांग लावतात. पेपरात तिचा फोटो आला त्या दिवशी शकुबाईंनी त्या पानात बोंबील बांधून दिले नाहीत, गिऱ्हाइकाला म्हणाल्या, पिशवी आणा नाहीतर हातात न्या. यापेक्षा मोठा मान माहुलमध्ये कोणाला मिळालाय?

पण मंडळी, मला गोड बोलायची सवय नाही. जे तुम्हाला माहीत नाही ते आधी सांगतो. ही सत्कारमूर्ती, जिच्या गळ्यात तुम्ही एवढे हार घातलेत, ती जाणार नाही म्हणते.

हो, बरोबर ऐकलंत. परवा ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, मी नाही जाणार ना. त्यांना तसं कळवून टाका." कारण विचारलं तर म्हणाली, आईची पाटी घेऊन बाजारात बसेन, कंपनीची नोकरीही सोडेन. राधा, माझ्याकडे रागाने बघू नकोस. मी कोणाला सांगणार नाही असं काही कबूल केलं नव्हतं. टॅक्सी बाहेर उभी आहे. तुझी बॅग तू भरली नव्हतीस ना? शकुबाईंनी भरली, आणि मी स्वतः नेऊन डिकीत ठेवली आहे. आता निदान शेवटपर्यंत ऐक. माझं ऐकून झाल्यावर जायचं नसेल तर मी स्वतः बॅग उतरवतो.

ही मुलगी मला पहिल्यांदा दिसली ती मैदानावर नाही, धक्क्यावर. इथल्या मंडळींना सांगायला नको, पण सामंत साहेबांसाठी सांगतो. होडी लागली की मासळीचे वाटे पडतात, जेवढी घरं तेवढे ढीग. मग कोणीतरी एक लहान मूल ढिगांकडे पाठ करून उभं राहतं. दुसरा एका ढिगावर बोट ठेवून विचारतो, "ह्यो कोनाचा?" आणि पाठमोरं मूल एक नाव सांगतं. ज्याचं नाव, त्याचा तो ढीग. तक्रार नाही, भांडण नाही. त्या दिवशी पाठ करून उभी होती ती राधा. एवढीशी, पण आवाज असा की थेट माझ्या शाळेपर्यंत यावा. मी बघत राहिलो. मला वाटलं, छान सोय आहे, पोराला काही दिसत नाही म्हणजे लबाडीचा प्रश्नच नाही.

नंतर शाळेत आल्यावर एकदा तिने मला सांगितलं, "सर, दिसत नाही, पण ऐकू येतं ना. मासळी ओतताना आवाज होतो. मोठा ढीग कुठला ते मला कळतं." मी म्हटलं, अगं मग? मोठ्या ढिगाला आईचं नाव घ्यायचंस! तर माझ्याकडे असं बघितलं की मीच खाली बघितलं. इतकी वर्षं तिने वाटे सांगितले, मुद्दाम आईला मोठा ढीग एकदाही दिला नाही. तिची आई, कृष्णाबाई, वैतागायच्या. म्हणायच्या, "घरची पोर हाय, आन् आमालाच बारका वाटा!"

मंडळी, ज्याला आज पेपरवाले राधा वैतीचा जादूचा पास म्हणतात, तो हाच. न बघता चेंडू देते म्हणतात. पाठीमागे कोण धावतंय ते पायांच्या आवाजावरून ओळखते आणि चेंडू ज्याला द्यायला हवा त्यालाच देते, स्वतःकडे ठेवत नाही. आणि देताना नाव घेते, धक्क्यावर घ्यायची तसंच, घसा फोडून. मी तिला हे शिकवलेलं नाही. मी फक्त रेषेवर पाय पडला की ओरडत होतो.

पण उंचीचं काय? बास्केटबॉल म्हटलं की लोक आधी पट्टी काढतात. पहिल्या निवड चाचणीला मी तिला मुलुंडला घेऊन गेलो. सामंत साहेब, तुम्ही हसताय, म्हणजे तुम्हाला आठवतंय. साहेबांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं, अर्थात त्याला फार वेळ लागला नाही, आणि म्हणाले, "ओव्हाळ, ही गोड मुलगी आहे, हिला गुण लिहायला बसवा." तिने काय केलं? बसली की! टेबलाशी बसून दिवसभर गुण लिहिले. संध्याकाळी एका मुलीचा पाय मुरगळला, खेळाडू कमी पडली, तेव्हा पेन्सिल ठेवून उठली. सगळ्यांचा खेळ दिवसभर बघून तिला तोंडपाठ झाला होता. त्या अर्ध्या डावात तिने स्वतः एकही बास्केट केली नाही आणि संघातल्या प्रत्येक मुलीला एक तरी करायला लावली. साहेब स्वतः उठून आले आणि तिचं नाव विचारलं. साहेबांचा हा मोठेपणा मी माझ्या भाषणात नेहमी सांगतो, आणि ते दर वेळी असेच रुमालाने चष्मा पुसतात.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. उपनगरचा संघ, राज्याचा संघ, कप्तानपद, मग कंपनीची नोकरी. दर पायरीवर कोणी ना कोणी म्हणालं, मुलगी चांगली आहे पण बुटकी आहे. दर वेळी मला वाटलं, आता ही रडणार. ती रडली नाही. मीच संतापून भांडलो, दोन-तीनदा मला मैदानाबाहेर काढलं, ते जाऊ द्या.

आता कृष्णाबाईंचं बोलतो. त्यांना जाऊन महिनाही झालेला नाही. पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची मंडळाने रिकामी ठेवली आहे. चांगलं केलंत. पण खरं सांगू का, कृष्णाबाई असत्या तर त्या या खुर्चीत अशा, व्यासपीठाकडे तोंड करून बसल्याच नसत्या.

तुम्ही सगळ्यांनी ते बघितलंय. कॉलनीच्या मैदानावर मॅच असली की कृष्णाबाई यायच्या, कडेला पाटी ठेवायच्या, आणि मैदानाकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून बसायच्या. इकडे लोक ओरडतायत, शिट्ट्या मारतायत, आणि ही बाई ढिम्म. एकदाही वळून बघायच्या नाहीत. लोक हसायचे. म्हणायचे, हिला पोरीपेक्षा पापलेट प्यारं. मुलींनी राधाला चिडवलं, "तुझी आई रागावलीय काय गं?" राधा म्हणायची, "तिकडून गिऱ्हाईक येतं ना." पण मनात काय समजायची ते परवा कळलं मला. आईला माझा खेळ पसंत नव्हता, असं ही मुलगी आजवर धरून बसली आहे.

आता ऐका. एकदा मुलुंडला मोठी मॅच होती. मी बघतो तर काय, कृष्णाबाई आपल्या पाटीसकट तिथे हजर! माहुलहून मुलुंड, दोन बस बदलून. आणि तिथेही तशाच बसलेल्या, मैदानाकडे पाठ, तोंड कुंपणाच्या भिंतीकडे. मला वाटलं, भिंतीला विकणार काय मासे? जवळ गेलो. पाटीवरचं फडकं वाऱ्याने उडालं होतं. पाटी रिकामी होती मंडळी. आत एक सुकट नव्हती. ही बाई रिकामी पाटी डोक्यावर घेऊन मुलुंडला आली होती, का तर पाटी असली की कोणी विचारत नाही, बाई तू इथे का बसलीस म्हणून.

मी शेजारी बसलो. म्हटलं, कृष्णाबाई, आता गिऱ्हाईक नाही, काही नाही. तोंड इकडे करा की. पोरगी बघा काय खेळतेय! त्या म्हणाल्या, "तू तुजा खेल बघ मास्तर." मी हट्टच धरला. तेव्हा त्या फडकं नीट करत, माझ्याकडे न बघता बोलल्या. ते मी आज पहिल्यांदा सांगतोय.

धर्मा वैतींची होडी निघाली तेव्हा राधा कमरेवर होती, दूध पिणारी. तुमच्याकडे जुना रिवाज होता. होडी निघाली की घरच्या बाईने पाठ फिरवायची आणि घराकडे चालू लागायचं. होडी दिसेनाशी होईपर्यंत बघत उभं राहायचं नाही. डोळ्यांनी पोचवलेलं माणूस परत येत नाही म्हणायचे. आज इथल्या तरुण मुलींना हे माहीतही नसेल, पुरुष कारखान्यांत लागले, होड्याच किती राहिल्या? पण तेव्हा सगळ्या पाळायच्या. कृष्णाबाईंनी त्या दिवशी पाळलं नाही. नवऱ्यासाठी त्यांनी नवी लाल टोपी आणली होती. ती किती लांबवर दिसते ते बघायची त्यांना हौस आली. एवढंच. कोवळं वय, हौस म्हणून बघत राहिल्या. म्हाताऱ्या बायका ओरडत होत्या, "फिर गो, फिर!" आणि या पोरीला हात हलवायला लावत लाल ठिपका दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या.

पुढचं सांगायला नको.

मला म्हणाल्या, "मास्तर, एकाला डोल्यांनी पोचवला मी. हिला नाय पोचवाची." मी म्हटलं, अहो ते समुद्राचं, हे मैदान आहे, ती कुठे जातेय? तर म्हणाल्या, "जाते नाय तर काय? रोज लांब चाललीय. आज मुलुंड, उद्या अजून कुठं." आणि मला बजावलं, पोरीला सांगायचं नाही, कोणालाच सांगायचं नाही, बोललं की पाळलेलं फुकट जातं.

मंडळी, मी बुद्धाला मानणारा माणूस. नवस, दृष्ट, असलं काही मी मानत नाही, शाळेत मुलांनाही मानू देत नाही. पण त्या माऊलीशी वाद घालायची माझी छाती झाली नाही. पोरीचा खेळ बघायला ती केवढी तळमळत असेल! कोणत्या आईला वाटणार नाही? दोन हातांवर पोरगी खेळतेय, गर्दी तिच्या नावाने ओरडतेय, आणि ही भिंतीकडे तोंड करून बसलीय. त्यानंतर प्रत्येक मॅचनंतर मी तिच्याजवळ जाऊन बसायचो. जिंकलो का हरलो, हे तिने कधी विचारलं नाही. एकच विचारायची, "पडली काय रं?" मी म्हणायचो, नाही पडली. मग पाटी उचलायची. पेपरातला फोटो मात्र डोळे भरून बघितला. म्हणाली, "फोटू बघायला काय हरकत हाय, फोटू कुठं जातो?"

राधा, रडतेस तर रड. कोणी तिला गप्प करू नका.

आता शेवटचं. राष्ट्रीय स्पर्धेसाठी राधा जयपूरला निघाली, त्या सकाळी मी तिला न्यायला घरी गेलो होतो. छातीच्या आजाराने कृष्णाबाई खाटेवर होत्या. राधा वाकली, पाया पडली, म्हणाली, "आई, येते." आणि कृष्णाबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. राधा थांबली. पुन्हा हाक मारली. त्या वळल्या नाहीत. ही दार ओढून निघाली आणि गाडीत जाऊन बसली. आठ दिवसांनी परत आली ती चषक घेऊन, आणि आई नव्हती.

परवा राधा मला काय म्हणाली सांगू? "सर, कोणासाठी जाऊ? शेवटच्या वेळेलासुद्धा तिने माझं तोंड बघितलं नाही."

राधा, मी खाटेच्या पलीकडे होतो. भिंतीच्या बाजूला. तू तिची पाठ बघितलीस, मी तिचं तोंड बघितलं. डोळे गच्च मिटले होते आणि गोधडी मुठीत धरली होती, अशी. तू दार ओढलंस तशी म्हणाली, "गेली?" म्हटलं, निघाली. म्हणाली, "बाहेर जा, बघ, गाडी वलली काय नाक्यावर?" मी बाहेर आलो, तुला म्हटलं ना, एक मिनिट थांब, माझी छत्री राहिली? छत्री नव्हती राहिली. मी आत जाऊन खोटं बोललो. म्हटलं, वळली गाडी, दिसत नाही आता. तेव्हा तिने कूस बदलली. त्या बंद दाराकडे बघत राहिली आणि रडली, लहान पोर रडतं तशी. मला म्हणाली, "मास्तर, नीट पाळलं ना मी?" मी म्हटलं, नीट पाळलंत. मलाही रडू आवरेना, मी तसाच बाहेर आलो.

आणि तू परत आलीस की नाही? प्रत्येक वेळी परत आलीस. मुलुंडहून आलीस, जयपूरहून आलीस. मी हे मानत नाही. पण तिने आयुष्यभर पोटच्या पोरीचं कौतुक डोळ्यांनी घेतलं नाही, ते तू परत यावीस म्हणून. तू गेलीच नाहीस तर तिने ते कशासाठी केलं? तू बाजारात पाटी घेऊन बसावीस म्हणून नाही. पाटीत लाज नाही, शकुबाई, गैरसमज नको. पण ती रिकामी पाटी तिने मुलुंडपर्यंत वाहिली ती तू खेळावीस म्हणून वाहिली.

मी दिलेला शब्द मोडला. कृष्णाबाई म्हणाल्या होत्या, बोललं की फुकट जातं. म्हणून आता ते भरून काढायचं काम आपल्या सगळ्यांचं आहे. अध्यक्ष महाराज, मला माहीत आहे, कार्यक्रमपत्रिकेत यानंतर सत्कारमूर्तीचं मनोगत आहे. ते रद्द करा. तिच्याच्याने बोलवणार नाही. परत आल्यावर बोलेल.

व्यासपीठाच्या या बाजूचं दार थेट रस्त्यावर उघडतं. टॅक्सी तिथेच आहे. आता सगळ्यांनी उठायचं, खुर्च्या फिरवायच्या आणि व्यासपीठाकडे पाठ करून बसायचं. हो, सगळ्यांनी. सामंत साहेब, तुम्हीसुद्धा. हरेश्वर, तूपण. खिडकीतल्या पोरांनो, तुम्ही बाहेर बघा. शकुबाई, आधी तुम्ही फिरा, म्हणजे बाकीच्या फिरतील. आणि ती पहिल्या रांगेतली रिकामी खुर्चीही फिरवा. ती आधी फिरवा. असं.

मंडळाचे आभार, पाहुण्यांचे आभार, माईकवाल्या चंदूचे आभार, आणि बाजारातून लवकर उठून आलेल्या सगळ्या बायांचे आभार. आनंदाचं बोल म्हणाले होते, ते मला जमलं नाही. वेळही जास्त घेतला. आता मीही माईककडे पाठ केली आहे, त्यामुळे माझं बोलणं मागच्यांना नीट ऐकू जात नसेल, तेवढं सांभाळून घ्या.

कोणी वळायचं नाही. राधा, 'येते' म्हण, आणि नीघ. आम्ही कोणी बघत नाही.